ऐकणारी बाई

ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीने भुसावळचं कार्यालय बंद केलं तेव्हा प्रफुल्ल बऱ्हाटे सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या जागी दुसरा माणूस आला नाही. ऑर्डर घेणं, माल रवाना करणं, गिऱ्हाइकाचा फोन उचलून त्याच्याशी त्याच्याच बोलीत गोडीने बोलणं, ही सगळी कामं आता एक प्रणाली करत होती आणि ती प्रफुल्लपेक्षा बरी अहिराणी बोलायची. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्याला शाल दिली. ती घेऊन तो घरी आला आणि पुढचे कित्येक महिने घरातच राहिला.

त्याची बायको ज्योत्स्ना गावातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात प्रसूती विभागाची सिस्टर होती. घर तिच्या पगारावर चालू लागलं आणि त्याबद्दल तिने कधी एक शब्द काढला नाही. हे न बोलणंच प्रफुल्लला टोचायचं. तो सकाळी भाजी आणायचा, कुकर लावायचा, तिचा डबा भरायचा आणि ती गेली की नाशिकला शिकणाऱ्या मुलीला, मिनूला, विनाकारण फोन करायचा. शेवटी मिनूनेच त्याला एका वर्गाचा पत्ता पाठवला. 'घरबसल्या वेबचित्रं शिका आणि कमवा' असं त्याचं नाव होतं. कोल्हापूरची शर्वरी घोरपडे नावाची बाई तो ऑनलाइन चालवायची. वयाने प्रफुल्लपेक्षा बरीच लहान, पण बोलणं मास्तरीणबाईसारखं ठाम.

पहिले काही आठवडे तिने विद्यार्थ्यांकडून नुसती बटणं काढून घेतली. वेबपानावर 'पुढे' किंवा 'मान्य' असं लिहिलेलं साधं बटण. कोपरे किती गोल केले की त्यावर बोट टेकवावंसं वाटतं, खाली सावलीची बारीक रेघ ओढली की ते पानावरून उचलल्यासारखं कसं दिसतं, हे ती हजारदा करून घ्यायची. मग बॅनर आले, मग छोटी चिन्हं. ठिपक्यांचं चित्र मोठं केलं की फुटतं, रेषांचं चित्र कितीही ताणलं तरी फुटत नाही, म्हणून रेषांचंच काढा, असा तिचा आग्रह. प्रफुल्लचा हात चांगला निघाला. शाळेत असताना तो वहीच्या मागच्या पानांवर सरांचे चेहरे काढायचा. त्यानंतर तीस वर्षांत त्याने पेन्सिल धरली नव्हती.

एका वर्गात कोणीतरी विचारलं, की यंत्रं पाहिजे ते चित्र फुकटात काढून देत असताना आपली चित्रं कोण घेणार? शर्वरीने त्या दिवशी बटणं बाजूला ठेवली आणि धंद्याचं मर्म सांगितलं.

यंत्राचं चित्र म्हणजे कोट्यवधी चित्रांची सरासरी. ते सगळ्यांना बरं वाटतं आणि कोणाचीच नजर थांबवत नाही. सतत गोड खाऊन जीभ मरावी तशी लोकांची नजर मरून गेली होती. म्हणून बाजाराला पुन्हा माणसाच्या हातची रेघ हवी झाली होती. जराशी वाकडी, पण कोणाची तरी आठवण धरून काढलेली. आणि अशी रेघ कोणती, हे मोजायची सोयही झाली होती. फोनचा पुढचा कॅमेरा आधी नुसता चेहरा ओळखायचा. आता त्याला डोळ्याची बाहुली वाचता येत होती. उजेडात बाहुली आक्रसते, अंधारात पसरते, एवढं शाळेत शिकवतात. पण समोरच्यावर विश्वास बसला तरीही ती केसभर पसरते, नजरेची बारीक थरथर थांबते, आणि हे सगळं माणसाला स्वतःला काही कळायच्या आधी होतं. समोरचा चेहरा भरवशाचा आहे की नाही, याचा निकाल मेंदू पापणी लवायच्या आत देऊन मोकळा होतो. कारणं तो मागाहून शोधतो. 'चित्रपेठ' नावाच्या ऑनलाइन बाजाराने नेमका हा निकाल मोजायला घेतला होता. त्याला ते 'कौल' म्हणत. ज्या चित्राला कौल जास्त, त्याच्या चित्रकाराला मोबदला जास्त. डोळे मोजायची परवानगी लोकांनी केव्हाच देऊन टाकली होती, कुठल्यातरी लांबलचक पानाच्या तळाशी बोट टेकवून.

"एक लक्षात ठेवा," शर्वरी म्हणाली होती. "त्या पहिल्या क्षणात डोळ्याला चित्र आणि माणूस वेगळं कळत नाही. आपला सगळा धंदा त्या क्षणावर उभा आहे."

प्रफुल्लची पहिली चित्रं बेतास बात चालली. फुलझाडं, चहाचे कप, हसरा सूर्य. मग एका दुपारी ज्योत्स्ना ड्युटीवरून आली आणि गणवेश बदलायच्या आतच शेजारची सून तिच्याशी बोलायला येऊन बसली. त्या मुलीचं सासरी काहीतरी बिनसलं होतं. ती बोलत होती आणि ज्योत्स्ना पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. प्रफुल्ल स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिला. वीस वर्षं समोर असलेली गोष्ट त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. ऐकताना ज्योत्स्ना मान किंचित डावीकडे कलती करायची, एक भुवई उचलायची आणि ओठ जरासे उघडे ठेवायची, जणू पुढच्याच क्षणी 'मग?' असं विचारणार आहे. ती विचारायची नाहीच. पण त्या न विचारलेल्या प्रश्नाने समोरचं माणूस मोकळं होत जायचं. प्रसूती विभागात अडून बसलेल्या बायकांशी बोलायला डॉक्टर तिलाच का पाठवतात, हे त्याला तेव्हा समजलं.

त्याने ते मोजक्या रेषांत उतरवलं. कलती मान, भुवई, ओठ, बाकी काही नाही. संध्याकाळी ज्योत्स्नाला दाखवलं.

"नाक एवढं मोठं आहे माझं?" ती म्हणाली. पण तिला ते आवडलं होतं. तिने ते मिनूला पाठवायला लावलं आणि रुग्णालयात दोघी-तिघींना दाखवलंही.

प्रफुल्लने चित्र चित्रपेठेवर चढवलं. नाव दिलं, 'ऐकणारी बाई'.

एवढा कौल त्या बाजारात क्वचितच कोणत्या चित्राला मिळाला असेल. महिन्याभरात शर्वरीने त्याचं चित्र वर्गात उदाहरण म्हणून दाखवलं आणि सगळ्यांसमोर त्याचं अभिनंदन केलं. घरात नवा फ्रिज आला, मिनूच्या वसतिगृहाची चिंता मिटली. प्रफुल्ल पुन्हा ताठ मानेने बाजारात जाऊ लागला. कोणी विचारलं तर "वेबचित्रं करतो" असं सांगताना त्याच्या आवाजात एक नवीन वजन असायचं.

चित्र नुसतं चित्र राहिलं नाही. चित्रपेठेची प्रणाली गाजलेल्या चित्राची चिरफाड करायची, कौल नेमका कोणत्या वळणाला मिळतो ते शोधून काढायची आणि तेवढं वळण बाजूला ठेवायची. त्याला ते 'बीज' म्हणत. बीजातून मग प्रणाली स्वतःच हवी तेवढी रूपं उगवायची. प्रफुल्लला ही ऐकणारी बाई कधी बियाण्यांच्या दुकानाच्या पानावर डोक्यावर पदर घेऊन दिसली, कधी विम्याच्या पानावर चष्मा लावून. एकदा तर एका कर्ज देणाऱ्याच्या पानावर ती पांढऱ्या मिशांचा म्हातारा होऊन बसली होती. पण मान तशीच कललेली, भुवई तशीच, ओठ तसेच. सुरुवातीला त्याला गंमत वाटायची. तो ती पानं साठवून ठेवायचा आणि जेवताना ज्योत्स्नाला दाखवायचा.

गंमत संपली ती रुग्णालयात. तिथे संमती घ्यायला नवीन टॅबलेट आले होते. ऑपरेशन, भूल, रक्त देणं, प्रत्येक गोष्टीआधी रुग्णाने किंवा नातेवाइकाने वाचून अंगठा टेकवायचा. त्या पानाच्या कोपऱ्यात सिस्टरची टोपी घातलेली एक बाई मान कलती करून बघत होती.

"माझ्यासारखी नाही, मीच आहे ती," ज्योत्स्ना त्या दिवशी घरी येऊन म्हणाली. पूर्वी एका संमतीला तिचा पाऊण तास जायचा. बायका रडायच्या, नवरे चिडायचे, सासवा वाटेल ते विचारायच्या, आणि तिचं खरं काम तेच होतं. आता टॅबलेट हातात दिला की लोक पानाकडे एकदा बघत आणि अंगठा टेकवत. रुग्णालयाची माणसं खूश होती. आदल्या दिवशी एका बाईने गर्भाशय काढायच्या ऑपरेशनला अशीच संमती दिली आणि ज्योत्स्नाने नंतर विचारलं तर तिला काय काढणार आहेत तेच माहीत नव्हतं.

"लोक माझं ऐकतात, पण मी काही बोललेलेच नसते," ती म्हणाली. "मला कोणी काही विचारतच नाही आता. तुम्ही ते चित्र काढून टाका."

प्रफुल्लने त्याच रात्री चित्र मागे घेतलं. चित्र गेलं, रूपं तशीच राहिली. मोबदला थांबला तेवढाच. त्याने चित्रपेठेला तक्रारी पाठवल्या. प्रत्येक वेळी नम्र उत्तर आलं, की आपलं मूळ चित्र आता कुठेही वापरात नाही. ते खरंही होतं. शेवटी त्याने शर्वरीला फोन केला.

"सर, बीज तुमचं राहिलेलं नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात त्या दिवशी मास्तरीणबाई नव्हती. "करार तसाच आहे, मीही त्यावर सही केलेली आहे. ते बीज एकाच कारणाने मरतं. लोकांचे डोळे त्याला विटले, कौल खाली गेला, की प्रणाली आपणहून टाकून देते. तोवर काही इलाज नाही."

"किती दिवस लागतात विटायला?"

"ह्याला? वर्षंही लागतील. फार चांगलं चित्र आहे ते."

प्रफुल्लने त्यावर बरेच दिवस विचार केला. विश्वास आटायला वर्षं लागतात, हे खरं होतं. पण अविश्वासाचं तसं नसतं, हेही तो त्याच वर्गात शिकला होता. भीती शिकायला मेंदूला एक फटका पुरतो. ज्या झुडपातून एकदा साप निघाला त्या झुडपाजवळून माणूस पुन्हा बिनधास्त जात नाही. पाय आधी बिचकतो, कारण मागून आठवतं. आणि ऐकणाऱ्या बाईच्या पानांवर लोक फसत होतेच. कोणाच्या गळ्यात नको तो विमा पडला होता, कोणाचं खातं रिकामं झालं होतं. फसलेल्यांना फक्त एवढंच कळत नव्हतं, की या सगळ्या पानांवर एकच चेहरा होता.

त्याने ते दाखवून द्यायचं ठरवलं. 'सावधान' अशा मथळ्याखाली तो चित्रं काढू लागला. तीच बाई, तशीच कललेली मान, आणि खाली एका हाताने समोरच्याचा खिसा कापते आहे. तीच भुवई, तेच अर्धे उघडे ओठ, आणि ओठांच्या आत बारीक टोकदार दात. चेहरा गोड आणि सावली लांडग्याची. शिकलेली सगळी कला त्याने त्यात ओतली. रंग कुठे थंड करायचा, कडा कुठे धारदार ठेवायची, की बघणाऱ्याच्या पोटात हललं पाहिजे. चित्रं त्याने फुकट सोडून दिली. ती सोसायट्यांच्या ग्रुपवर गेली, भजनी मंडळांच्या ग्रुपवर गेली, शाळांच्या पालकांमध्ये आणि कॉलेजांच्या वसतिगृहांत फिरली. लोक स्वतःहून पुढे पाठवू लागले. साचून राहिलेल्या रागाला एक तोंड मिळालं होतं.

काम चालू असताना एकदा त्याचा हात थांबला होता. समोरच्या रेषा कोणाच्या आहेत हे त्याला काही क्षण फार स्पष्ट दिसलं आणि शर्वरीचं ते पहिल्या क्षणाबद्दलचं वाक्यही आठवलं. मग त्याने स्वतःला समजावलं, की लोक काही एवढे खुळे नाहीत. चित्र वेगळं आणि जितंजागतं माणूस वेगळं. शिवाय ज्योत्स्नाला ते बीज मेलेलं हवं होतं आणि ते मारायचा दुसरा रस्ता नव्हता. ज्योत्स्नाला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही.

बीज मेलं. कौल आधी हळूहळू आणि मग दरड कोसळावी तसा घसरला. ऐकणारी बाई विम्याच्या पानावरून गेली, बियाण्यांच्या पानावरून गेली, आणि एक दिवस रुग्णालयाच्या टॅबलेटवर तिच्या जागी कमळाचं फूल आलं. ज्योत्स्नाने येताना पेढे आणले. कसं जमवलं म्हणून तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, की तक्रारी करत राहिलो, शेवटी ऐकलं त्यांनी.

त्यानंतरचं इतक्या बारीक पावलांनी आलं, की आधी दोघांच्याही लक्षात आलं नाही. भाजीवाली ज्योत्स्नाच्या हातात पिशवी देताना दुसरीकडे बघू लागली. शेजारची सून येईनाशी झाली. जिन्यात भेटली तर "कामं पडलीत, काकू," म्हणून घाईने वर जायची. विभागात रुग्ण बायका तिने विचारलेल्या प्रश्नांना हो-नाही एवढीच उत्तरं देऊ लागल्या. कोणी तिच्याशी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. ती जवळ गेली की माणसं नुसती थोडीशी मागे सरायची. ज्योत्स्नाने आधी थकव्याला दोष दिला, मग वयाला. आरशासमोर उभं राहून तिने एकदा प्रफुल्लला विचारलं, की मी चिडकी दिसायला लागले आहे का? तो नाही म्हणाला.

मग फैजपूरकडची पूनम नावाची मुलगी बाळंतपणाला आली. पहिलटकरीण. तिचा रक्तदाब अचानक चढला आणि डॉक्टरांनी लगेच सिझर करायचं ठरवलं. मुलगी ऑपरेशनला घाबरून हटून बसली आणि तिच्या आईलाही ते पटेना. अशा वेळी जे नेहमी व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी ज्योत्स्नाला पुढे केलं.

त्या दिवशी घरी आल्यावर ती गणवेशातच खुर्चीवर बसून राहिली. प्रफुल्लने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. मग तिने सांगितलं. ती खाटेजवळ गेली, पूनमचा हात हातात घेतला आणि काय वाटतंय ते सांग म्हणून तिच्याकडे बघितलं. मुलगी किंचाळली. या बाईला माझ्याजवळून न्या, एवढंच ती म्हणत राहिली. आईनेही मध्ये येऊन ज्योत्स्नाला ढकललं आणि मग त्या दोघी कोणाचंच ऐकेनात. दुसऱ्या मजल्यावरून दुसरी सिस्टर आली, तिने समजूत घातली, संमती मिळाली, पण तोवर फार वेळ गेला होता. पूनम वाचली. बाळ रडलं नाही.

"मी काही वाईट बोलले नव्हते हो," ज्योत्स्ना म्हणाली. "काहीच बोलले नव्हते मी अजून."

तिला तिथे कोणी दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी रुग्णाला भास होतात. ज्योत्स्नाने पाणी न पिता भांडं ठेवलं आणि ती आत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर प्रफुल्लने संगणक उघडला. आपलं चित्र बाजारात चढवण्याआधी घरच्या घरी तपासून बघायला चित्रकारांना कौलमापक मिळायचा. कॅमेऱ्यासमोर बसायचं, पडद्यावर बघायचं, बाजूला एक निळी रेघ वर-खाली होते. त्याने आधी मिनूचा लहानपणीचा फोटो लावला. रेघ वर गेली. मग स्वतःच्या आईचा, मग एका अनोळखी माणसाचा. यंत्र ठीक चाललं होतं. मग त्याने ज्योत्स्नाचा फोटो लावला. तोरणमाळच्या सहलीत त्यानेच काढलेला होता तो. ती खडकावर बसून त्याच्याकडे बघत होती, तो काहीतरी सांगत असणार.

रेघ खाली गेली. त्याने फोटो बंद करून पुन्हा लावला. मनात तिच्याबद्दलचं सगळं चांगलं आणून, ओढूनताणून हसून बघितलं. मन भरून येत होतं आणि रेघ खालीच जात होती. कित्येक आठवडे त्या चेहऱ्याला दात काढत बसलेला माणूस तोच होता. सगळ्यांत जास्त वेळा ती चित्रं त्याच्याच डोळ्यांनी पाहिली होती. सकाळी डबा देताना आपण हल्ली दाराकडे बघत बोलतो, हे त्याला तिथे बसल्या बसल्या आठवलं.

ती आल्यावर त्याने सांगितलं. सगळं, क्रमाने, स्वतःची बाजू न घेता. चित्रं दाखवली. ज्योत्स्नाने ती एकेक करून शेवटपर्यंत बघितली.

"म्हणजे त्या पूनमचं..." ती म्हणाली आणि थांबली. प्रफुल्लने संगणक बंद केला.

"मला एकदा विचारायचं होतं तुम्ही."

"हो."

"विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ते माहीत होतं तुम्हाला."

तो त्यालाही हो म्हणाला. मग घाईघाईने सांगू लागला, की अजून इलाज आहे. तीच रेषा घेऊन चांगली चित्रं करता येतील, औषध देणारी, लेकरू उचलून घेतलेली, ती फुकट वाटता येतील, लोकांची नजर हळूहळू पुन्हा...

"नको," ती म्हणाली. "आता माझा चेहरा घेऊन काही करू नका. चांगलंही नको."

ज्योत्स्नाने रुग्णालयात बदली मागून घेतली. तळमजल्यावर ऑपरेशनची हत्यारं उकळत्या वाफेत निर्जंतुक करायची खोली होती. तिथे सगळे तोंड बांधून असतात आणि बोलायची फारशी गरज पडत नाही. कात्र्या, चिमटे, वाट्या धुवायच्या, कापडात गुंडाळायच्या, वर पाठवायच्या. डॉक्टरांना नवल वाटलं, त्यांनी दोनदा समजावलं, मग मान्य केलं. प्रफुल्लने चित्रपेठ सोडली आणि तो एका केळीच्या वखारीवर हिशेबाला जाऊ लागला. दोघं एका घरात नीट राहत होते. भांडण झालं नाही. ज्योत्स्ना त्याच्याशी बोलताना हातातल्या कामाकडे बघायची. त्याच्यावर आपल्या चेहऱ्याकडे बघायची वेळ येऊ नये म्हणून ती तसं करते, हे त्याला कळायचं आणि ते भांडणापेक्षा जड जायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मिनू आली. परीक्षेपासून तिने व्हिडिओ कॉल बंद केले होते, नुसते फोन करायची. नेट चालत नाही म्हणायची. स्टेशनवर उतरली तेव्हा तिने धावत येऊन आईला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत किती ऊन आहे, गाडी किती उशिरा आली, असं काहीबाही बोलत राहिली. घरी जेवताना ताटातून नजर वर आली नाही. आईने काही विचारलं की ती उत्तर पप्पांकडे बघून द्यायची. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्योत्स्नाने तिच्यासमोर बसून, वसतिगृहात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं तेव्हा मिनू उठून पाणी प्यायला गेली.

"काही नाही गं आई. डोकं दुखतंय जरा," ती आतून म्हणाली.

आपल्याला काय होतंय हे त्या पोरीला कळत नव्हतं आणि आईपासून काहीतरी लपवावं लागतंय याने ती हैराण झाली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. प्रफुल्लने ज्योत्स्नाला बाजूला घेऊन विचारलं, की तिला खरं सांगून टाकू का? निदान स्वतःला दोष देणार नाही.



"नको," ज्योत्स्ना म्हणाली. "सांगितलं की ती जबरदस्तीने बघेल माझ्याकडे. तसं नको."

मग ती बाहेरच्या खोलीत गेली आणि मिनूला म्हणाली, की डोकं दुखतंय तर तेल लावून देते, केसांची काय दशा करून घेतली आहेस. मिनू मुकाट्याने येऊन खाली बसली, आईकडे पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड. ज्योत्स्नाने खुर्चीवर बसून तिचे केस मोकळे केले आणि बोटांनी तेल जिरवायला सुरुवात केली.  हळूहळू मिनूचे खांदे सैल पडले. तिने हळूच सांगितलं, की पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. नंतर तिच्या खोलीतली एक मुलगी कॉलेज सोडून गेली त्याबद्दल बोलली, आपल्यालाही तिथे रात्ररात्र झोप लागत नाही हे बोलली, घरी सांगायची भीती वाटत होती हे बोलली. बोलता बोलता रडली आणि रडताना मागे टेकून तिने डोकं आईच्या गुडघ्यांवर टाकलं. डोळे मिटलेले होते. ज्योत्स्ना मधूनमधून "हं" म्हणत होती.

प्रफुल्ल दारात उभा होता. आत यावं असं त्याला वाटलं, पण तो आला नाही.

मिनू पुन्हा सरळ बसली, केस विंचरून झाले, तिपेडी वेणी शेवटपर्यंत घालून झाली, टोकाला रबर लागला. मिनूचं बोलणं अजून अर्ध्यावर होतं. ज्योत्स्नाने आवाज न करता रबर काढला, वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.